लामत्याची खीर आणि माझी वेलदोड्यांची डबी

बालाघाटहून परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "वाघ दिसला का?" त्या बाजूला जाऊन आलेल्या माणसाने वाघ पाहिला नसेल तर त्याचं तिकीट फुकट गेलं, असं साताऱ्यात सगळ्यांचं मत दिसतं. मी वाघासाठी गेले नव्हते. मी खीर खायला गेले होते. मग लगेच पुढचा प्रश्न येतो, "बरं, खीर कशी होती?" आणि इथे माझी पंचाईत होते, कारण खीर कशी होती ते मला माहीत नाही. दोन वाट्या खाल्ल्या, तरी माहीत नाही. हे कसं झालं ते एकेकाला सांगून घसा कोरडा पडला, म्हणून आता एकदाच लिहून टाकते.

आधी माझ्याबद्दल थोडं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी घरी मसाले करून विकते आणि माझ्या नाकाचा मला फार अभिमान आहे. डबा उघडला की वेलदोडा यंदाचा की गेल्या वर्षीचा, हे मी न बघता सांगते. माझ्या पर्समध्ये वेलदोड्यांची पितळी डबी कायम असते. घाटात मळमळलं, वेलदोडा. केळी जास्त झाली, वेलदोडा. उचकी, ढेकर, तोंडाचा वास, कंटाळवाणं भाषण, सगळ्यांवर वेलदोडा. माझा मुलगा म्हणतो, आईचं हाड मोडलं तरी ती आधी डबी उघडेल. हसू दे त्याला.

राजेगाव

साताऱ्याहून गाडी थेट गोंदियाला नेऊन सोडते. त्या लांबलचक प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, असलं तर ते माझ्या कंबरेला विचारावं. गोंदियाला माझी मैत्रीण रत्नमाला गाडी घेऊन उभी होती. नागपूरच्या होस्टेलात आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली. ती आता बालाघाटच्या कोर्टात नोकरी करते आणि तिचं माहेर पुढे लामत्याला. दर वैशाख पौर्णिमेला तिथल्या विहारात खीरदान असतं आणि ती खीर रत्नाची आई करते. होस्टेलात रत्ना त्या खिरीचं वर्णन अशा वेळी करायची, जेव्हा ताटात पाण्यासारखी डाळ असायची. तेव्हापासून ही खीर माझी खायची राहिली होती.

बाघ नदीच्या पुलाशी महाराष्ट्र संपतो. नदीत पाणी असं काही नव्हतं, वाळू आणि मधेमधे डबकी. पलीकडे राजेगावला एका टपरीवर थांबलो. टपरीवाल्या काकू चहा उकळत होत्या. मी विचारलं, वेलदोडा टाकता का? रत्नाने कोपर मारलं, "विलायची म्हण."

"हौ ना बाई, टाकतो," काकू म्हणाल्या. "पन सालटं टाकतो. दाने पावण्याईसाठी राहू देतो."

"आम्ही पाहुण्याच आहोत. मी साताऱ्याहून आलेय."

काकूंनी मला नीट बघून घेतलं. "मंग पह्यले सांगा लागत होतं ना," म्हणाल्या, आणि मागच्या डब्यातून दोन वेलदोडे काढून लाटण्याच्या टोकाने ठेचले. चहा झकास झाला. पण मुद्दाम मागून घेतलेला, नुसत्या सालांचाही वाईट नव्हता. सालांत सुगंध बराच असतो, फक्त तो सावकाश उतरतो. आम्हीही साताऱ्यात सालं साखरेच्या डब्यात घालून ठेवतो, टाकून कोणीच देत नाही. एक टरफल इकडे आणि तिकडे सारखंच राखून वापरतात हे बघून मला उगाच आपलेपणा वाटला.

बालाघाट

रत्नाकडे दुपारी मटण होतं. त्यात काळी, सुरकुतलेली मोठी विलायची. आमच्याकडे तिला मसाला वेलदोडा म्हणतात आणि कांदा-लसूण मसाल्यात मोजून टाकतात. रत्नाने सढळ हाताने टाकली होती, त्यामुळे रश्श्याला विझत्या चुलीसारखा धुरकट वास आला होता. हिरवी वेलची आणि ही काळी मोठी, दोघी एका घराण्यातल्या, पण एकीचं काम गोडात, दुसरीचं तिखटात. चुकून अदलाबदल झाली तर दोन्ही पदार्थ वाया जातात.

संध्याकाळी खिरीचा तांदूळ घ्यायला बाजारात गेलो. बालाघाटला तांदळाचं राज्य आहे. पोती, गोण्या, तराजू, आणि त्यांच्यातून वाट काढणाऱ्या रिक्षा. दुकानदाराने चिन्नोर दाखवला. बारीक, बुटका दाणा, दिसायला काही विशेष नाही. मी चिमूटभर उचलून नाकाशी नेला तर तो म्हणाला, "ऐसे नहीं दीदी." त्याने माझ्या मुठीत तांदूळ ठेवला, मूठ मिटून तिच्यात तोंडाची वाफ सोडायला सांगितली आणि मग उघडायला लावली. काय वास आला! तूप कढवताना शेजारच्या घरात येतो ना, तसा. मी तिथल्या तिथे पाच किलो माझ्यासाठी घेतला.

"ह्याच्या खिरीला वेलदोडा भरपूर लागेल," मी तज्ज्ञाच्या थाटात म्हणाले.

दुकानदाराने कानाला हात लावला. "चिन्नोर में ज्यादा इलायची? दीदी, चिन्नोर ने आपका क्या बिगाड़ा है?"

रत्ना रस्ताभर हसत होती.

लामता, आदला दिवस

लामत्याची वाट जंगलातून जाते. तेंदूपत्त्याचे दिवस होते, रस्त्याकडेला विडीच्या त्या पानांच्या गड्ड्या ओळीने वाळत घातल्या होत्या. ऊन असं की बाटलीतलं पाणी चहा करण्याजोगं झालं होतं. घरात शिरल्याबरोबर रत्नाच्या आईने, म्हणजे वच्छलामावशीने, माठातलं पाणी दिलं. त्यात वेलदोड्याची सालं टाकलेली होती. पाण्याने घसा असा निवला की मी तांब्या संपवला.

मावशी ठेंगण्या, काटक, पांढरं पातळ नेसलेल्या. त्यांच्याबरोबर मुलगा आणि सून राहतात. मुलगा त्या दिवसांत तेंदूपत्त्याच्या फडावर होता. सून पूनम मंडल्याकडची. तिचं बोलणं हिंदी, मावशीचं मराठी, आणि दोघी आपापल्या भाषेत बोलून एकमेकींना अचूक समजतात.

समजतात असं मला पहिला तासभर वाटलं. मग पूनम पाणी भरायला बाहेर गेली आणि मावशी माझ्या कानाला लागल्या.

"पाह्यलं का वो? सारं स्वयंपाकघर फिरवून टाकलं तिनं. मोठ्या विलायचीचा डबा पाय, कुठं नेऊन ठेवला, वरच्या फळीवर! माहा हात पुरत नाही तिथं. दूध तापाले ठेवलं का लगेच येऊन उभी राह्यते. गॅस मीच बंद करतो म्हनते. आता उद्याची पळी बी घेऊन घेईन."

वरच्या फळीवर खरंच एक डबा होता, वर लाल दोरा बांधलेला. मी म्हटलं, सुनांना आपली मांडणी करावीशी वाटते. मावशीने मान उडवली.

दुपारी रत्ना विहारात मांडव बघायला गेली. पूनम दाराबाहेर तांदूळ निवडत होती. मी आणि मावशी वेलदोडे सोलत बसलो. माझ्या डबीतले टपोरे दाणे बघून मावशी खूष झाल्या. त्यांनी खिरीची रीत सांगितली. दानाची खीर चाखायची नाही. आधी लोकांनी खायची, करणारीने सगळ्यात शेवटी, गंजाच्या, म्हणजे मोठ्या पातेल्याच्या, तळाशी उरेल ती. मग खीर झाली की नाही ते कळायचं कसं?

"वासावर," मावशी म्हणाल्या. "तांदूळ शिजत आला का त्याचा वास खुलते. तवा साखर घालाची. मंग विस्तू ओढाचा, अन् सगळ्यात शेवटी विलायची. विलायची मांगून आली पाह्यजे. पह्यले तांदूळ, मंग ते."

एवढ्यात मला करपल्याचा वास आला. मावशीच्या हाताच्या अंतरावर गॅसवर दूध होतं आणि ते खाली लागलं होतं. वास असा की बाहेरून पूनम धावत आली, पातेलं उतरवलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि परत तांदूळ निवडायला गेली. मावशी मात्र दाणे सोलत होत्या. पातेलं उतरवलं गेलं तेव्हाच त्यांनी मान वर केली.

मी माझ्या डबीतला एक दाणा चुरडून त्यांच्या नाकाशी धरला. "कसा आहे मावशी, वास?"

"बेस आहे," त्या चटकन म्हणाल्या. मग माझ्या तोंडावरची शंका बघून त्यांचे हात थांबले. दाराकडे बघत त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "काहीच येत नाही, बाई. थंडीत ताप आलता. ताप गेला, अन् वास बी घेऊन गेला. डॉक्टर म्हनते, येईन तं येईन."

"रत्नाला सांगितलं?"

"कोनालेच नाही. सांगितलं तं उद्यापासून पळी दुसरीच्या हातात. बाया तशाच म्हनून राह्यल्या, पुढच्या साली हलवाई बलावू. लग्न होऊन आलो तवापासून मीच करतो ती खीर. तेवढंच माहं आहे विहारात."

मला फार वाईट वाटलं. ज्या बाईला खीर चाखायची नाही, फक्त वासावर करायची, तिचा वासच गेला होता, आणि ती गावजेवणाचा गंज चढवायला निघाली होती. मावशीने माझा हात धरला. "तुहं नाक तेज आहे म्हनते रत्ना. उद्या माह्याजवळ उभी राह्य. तांदळाचा वास खुलला का म्हन, 'मावशी, पानी देऊ का?' बस, एवढंच."

काय सांगावं, मला चार हत्तींचं बळ आलं. माझ्या नाकाला आयुष्यात प्रथमच खरं काम मिळालं होतं. मी वचन दिलं.

मावशीने माझ्या डबीतला एक वेलदोडा तोंडात टाकला. मी म्हटलं, वासच नाही तर कशाला?

"थंड लागते ना," त्या म्हणाल्या. जिभेवर फिरवून त्यांनी श्वास ओढला. "वास नाही येत, पन वारा येते. तेवढी विलायचीच वळखीची राह्यली."

लामता, पौर्णिमा

आता माझा मूर्खपणा. रात्री उकाडा भयंकर होता. घरात वाळ्याच्या ताट्यांचा मोठा कूलर. रत्ना दोनदा बजावून गेली, त्याच्या तोंडासमोर झोपू नकोस, सवय नाही तुला. मी साताऱ्याची, डोंगरातला वारा खाल्लेली, मला एक पंखा काय करणार? मी खाट ओढून नेमकी त्याच्यासमोर घातली आणि राणीसारखी झोपले.

सकाळी उठले ती शिंकतच. एक, दोन, सात. नाक दोन्ही बाजूंनी बूच मारल्यासारखं. मी डबी उघडली. चार वेलदोडे चघळले, दोन चहात उकळले, एक चुरडून रुमालात बांधून हुंगला. आजवर ज्यांना ज्यांना मी सर्दीवर वेलदोडा सांगितला त्या सर्वांची इथे माफी मागते. घशाला बरं वाटतं, छाती मोकळी झाल्यासारखी वाटते, पण नाक त्याच्या मर्जीनेच उघडतं.

मावशीला सांगायला गेले तर त्या आधीच विहारात जाऊन चूल पेटवून बसल्या होत्या. पटांगणात आंब्याखाली भला मोठा गंज, भोवती पांढऱ्या पातळातल्या बाया, आत वंदना चालू. दूध आटत आलं होतं. माझ्यासमोर धुऊन तुपाचा हात लावलेला चिन्नोर दुधात गेला. मावशी पळी फिरवत होत्या आणि दर दोन मिनिटांनी माझ्याकडे बघत होत्या. मी मान हलवत होते, म्हणजे अजून नाही. खरं तर मला माहीतच नव्हतं. समोर जगातला सगळ्यात सुंदर वास उकळत होता आणि मला तो गरम पाण्यासारखा लागत होता.

शेवटी राहवलं नाही. मी खाली वाकून म्हणाले, "मावशी, माझं नाक बंद आहे. सकाळपासून. मला काही येत नाही."

मावशीने पळी थांबवली. मला वाटलं आता रडतील. त्या हसल्या. आधी गालात, मग खांदे हलेपर्यंत. "घ्या! आता दोघी बी सारख्याच," म्हणाल्या. मग हसू ओसरलं. तांदूळ खदखदत होता. साखर लवकर पडली तर दाणा कडक राहणार, उशिरा पडली तर लगदा होणार. त्यांनी एकदा बायांकडे बघितलं, एकदा गंजाकडे. आणि मोठ्यांदा हाक मारली, "पूनम!"

पूनम द्रोण मांडत होती. पदर खोचत आली.

"इकडं उभी राह्य. वास घे. तांदळाचा वास खुलला का सांग."

मला वाटलं, आता ती विचारणार, का? भोवतीच्या दोघी-तिघी बायांनी माना वळवल्या होत्या. पण पूनमने काहीच विचारलं नाही. गंजावर वाकली, डोळे मिटले. "अभी नहीं, माय. कच्चा है." मावशी पळी फिरवत राहिल्या. "अभी नहीं." थोड्या वेळाने तिने पुन्हा वास घेतला आणि तिचा चेहराच बदलला. "अब, माय. अब खुला."

साखर गेली. विस्तव ओढला. गंज जरा शांत झाल्यावर मावशीने कुटलेल्या विलायचीची वाटी पूनमच्या हातात दिली. "तीन मुठी," म्हणाल्या. "मोठ्या." पूनमने एक टाकली, ढवळली. दुसरी टाकली, वाकून वास घेतला आणि वाटी बाजूला धरली.

"बस माय. तीसरी से चावल दब जाएगा."

मावशीच्या कपाळाला आठी पडली. आयुष्यभराच्या तीन मुठी होत्या त्या. पण ह्या वेळी त्यांच्याकडे भांडायला नाक नव्हतं. "माहे विलायचीचे दाने नेहमी बारके राह्यते," त्या पुटपुटल्या. "ह्या बाईचे मोठे आहे. राहू दे मंग."

गंजावर झाकण पडलं. पूनम जायला निघाली तेव्हा मावशीने तिचं मनगट धरलं.

"काहून बलावलं, ते नाही विचारलं तू."

"मालूम है, माय." पूनमने खाली बघत सांगितलं. "ठंड से मालूम है. उस दिन आपने चाय में बड़ी इलायची कूटकर डाल दी थी. मटनवाली."

"अन् तू पेली?"

"आपने बनाई थी."

"कपभर?"

"पूरी."

तेव्हा माझ्या डोक्यात तो लाल दोऱ्याचा डबा आला, हात पुरणार नाही अशा फळीवरचा. आणि दूध तापताना येऊन उभी राहणारी पूनम. मावशीच्याही आला असावा, कारण त्यांनी मनगट सोडलं नाही.  मला शिंक आली आणि मी निमित्त साधून डोळेही पुसून घेतले.

मग खीरदान झालं. अख्खं गाव आलं, शेजारच्या गावचेही आले, रस्त्यावरून जाणारी मोटारसुद्धा थांबवून द्रोण दिले. आमच्याकडे प्रसाद हातावर पळीभर पडतो. इथे माणूस नाही म्हणेपर्यंत वाढतात, आणि नाही म्हटल्यावर आणखी एकदा. एक म्हातारे गृहस्थ मावशींना म्हणाले, "वच्छलाबाई, यंदा तांदळाचा वास जास्त आला बाप्पा!" मावशीने पूनमकडे बोट दाखवलं. "तिले सांगा. नाक तिचं होतं." बायांनी ते ऐकलं. हलवायाचं नाव कोणी काढलं नाही.

मला दोन वाट्या मिळाल्या. ऊन-ऊन, दाट, दाणा जिभेवर विरघळणारा, गोडी बेताची, आणि घोट उतरला की घशात बारीकसा गारवा. एवढंच मला सांगता येतं. वर्षानुवर्षं ज्या खिरीची वाट पाहिली तिच्यातलं मला मावशीइतकंच मिळालं.

दुपारी गंज घेऊन घरी आलो तेव्हा पूनमने स्टूल घेऊन वरच्या फळीवरचा डबा काढला आणि खाली जुन्या जागी ठेवू लागली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"वरच राहू दे," मावशी म्हणाल्या. "तिथंच बरा आहे तो."

माझी डबी मी तिथेच सोडली. मावशीने ती घेतली, एक वेलदोडा तोंडात टाकला आणि गंजाच्या तळाशी उरलेली खीर वाटीत काढली. करणारीची वाटी. ती त्यांनी पूनमसमोर सरकवली आणि स्वतः समोर पाटावर बसल्या. रत्नाने मला नंतर सांगितलं, आईने खीर कशी झाली हे आजवर कधी कोणाला विचारलं नव्हतं.

"सांग," मावशी म्हणाल्या. "कशी झाली?"

पूनमने घास घेतला. सावकाश गिळला. आणि ती, जिच्या तोंडून दोन दिवसांत मी मराठीचा शब्द ऐकला नव्हता, म्हणाली, "विलायची मांगून येते, माय."

मावशीने मान हलवली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गंज घासायला राख मागितली.